कपाटातली यंत्रकन्या

दूरचित्रवाणीवरील विज्ञान कार्यक्रमांचा विषय निघाला की शिक्षकमंडळी ‘भारत की छाप’ (१९८९) आणि ‘टर्निंग पॉइंट’ (१९९१) यांची आठवण काढतात, प्रा. यशपाल यांचे नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. मुले मात्र पुढे बरीच वर्षे दुसरेच काही आवडीने पाहत होती. लाल-पांढरा झगा घातलेली, चेहऱ्यावरची रेषा न हलवता सपाट आवाजात बोलणारी एक मुलगी पडद्यावर जड सामान लीलया उचलत होती, विजेच्या वेगाने हिशेब करत होती, आणि कोणी बोललेल्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन घरात गोंधळ उडवत होती. ही अमेरिकेतील ‘स्मॉल वंडर’ मालिका. १९९० च्या दशकात ती स्टार प्लसवर दिसू लागली, पुढे हिंदीतही आली, आणि २००३ साली तिच्यावरूनच बेतलेली ‘करिश्मा का करिश्मा’ त्याच वाहिनीवर सुरू झाली. या दोन मालिकांचे नाव शिक्षकांच्या बैठकीत कोणी काढलेच, तर ते हसण्यासाठी.

‘स्मॉल वंडर’चा निर्माता हॉवर्ड लीड्स. सप्टेंबर १९८५ ते मे १९८९ या काळात तिचे ९६ भाग झाले. टेड लॉसन नावाचा एक अभियंता यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. त्याने दहा वर्षांच्या मुलीसारखी हुबेहूब दिसणारी एक यंत्रकन्या तयार केली आहे. घरगुती वातावरणात ती कशी वागते हे पाहण्यासाठी तो तिला गुपचूप घरी आणतो आणि जगाला सांगतो की ही आमची दत्तक मुलगी. तिचे नाव विकी. तिच्या पाठीत एक झाकण आहे, ते उघडले की आतली यंत्रणा दिसते. रात्री ती लॉसनच्या मुलाच्या, म्हणजे जेमीच्या, खोलीतल्या एका कपाटात उभी राहते. शेजारची हॅरिएट नावाची आगाऊ मुलगी वेळीअवेळी घरात शिरते, आणि गुपित फुटता फुटता वाचते. बहुतेक भागांचा सांगाडा हाच. हिंदी मालिकेत विकीची करिश्मा झाली आणि ती भूमिका झनक शुक्ला या बालकलाकाराने केली. (या झनकने मोठेपणी अभिनय मागे टाकून पुरातत्त्वशास्त्राचा अभ्यास केला, ही आम्हाला कोणत्याही भागापेक्षा अधिक सुखद वाटलेली गोष्ट.)

अमेरिकेतील समीक्षकांनी ‘स्मॉल वंडर’ला आजवरच्या वाईट विनोदी मालिकांच्या याद्यांत अनेकदा बसवले आहे. आपल्याकडे करिश्मावर नकलेचा शिक्का बसला. विज्ञानाच्या मंडळींची तक्रार वेगळी होती : यात विज्ञान कुठे आहे? यंत्राचे नाव घेऊन जादूच दाखवायची, तर ‘सोन परी’ काय वाईट? तिच्यात निदान परीला परी म्हटले आहे.

हे आरोप बहुतेक खरे आहेत. विनोद बेतास बात आहेत, मागून येणारे ध्वनिमुद्रित हसू कानाला टोचते, आणि पाचपन्नास भाग पाहिले तर त्यातले चाळीस एकमेकांपासून वेगळे सांगता येत नाहीत. तरीही आम्ही या मालिकेची बाजू मांडायला बसलो आहोत. तिच्यातली सर्वांत मोठी वैज्ञानिक चूक टीकाकार सहसा दाखवत नाहीत, आणि तिच्यात जी गोष्ट सर्वांत बरोबर साधली आहे, ती पोरकट विनोद म्हणून सोडून देतात.

आधी नेहमीची तक्रार उरकून टाकू. विकी एका हाताने सोफा उचलते असे समजा. टीकाकार म्हणतो, एवढ्याशा हातात एवढी ताकद कुठून येणार? ताकदीचा प्रश्न खरे तर सोपा आहे, चांगली मोटर बसवली की झाले. अडचण तोलाची आहे. यंत्रकन्येचे वस्तुमान ४० किलोग्रॅम धरा, आणि तिचा गुरुत्वमध्य पायाच्या बोटांपासून १० सेंटिमीटर मागे धरा. सोफाही ४० किलोग्रॅमचाच, पण त्याचा गुरुत्वमध्य बोटांपासून ८० सेंटिमीटर पुढे. बोटांभोवती परिबले काढली तर मागच्या बाजूला ४० गुणिले १० म्हणजे ४००, आणि पुढच्या बाजूला ४० गुणिले ८० म्हणजे ३२००. मोटर कितीही दणकट असो, सोफा जमिनीवरच राहील आणि मुलगी तोंडावर आपटेल. तोल राखायचा तर तिचे वस्तुमान निदान ३२० किलोग्रॅम हवे. नववी-दहावीच्या वर्गात तरफेचा धडा शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावे, मुले खूश होतात. पण या एका चुकीसाठी मालिकेला फाशी द्यायची, तर आपल्या हिंदी चित्रपटांतला एकही नायक वाचणार नाही.

मोठी चूक दुसरीकडे आहे, आणि ती आमच्या लक्षात एका विद्यार्थ्याने आणून दिली.

मीरा-भाईंदर परिसरातील एका शाळेत नववीच्या वर्गाला ‘स्मॉल वंडर’चा पहिला भाग दाखवून त्यावर चर्चा घ्यावी, अशी कल्पना तेथील विज्ञानाच्या बाईंनी मांडली आणि आम्हाला बोलावले. वर्गात भाईंदरच्या इमारतींतली मुले होती, तशी उत्तनच्या कोळीवाड्यातलीही दोघे-तिघे होती. भाग संपल्यावर त्यांतल्या एकाने विचारले, “सर, ही बोंबील लटकवू शकेल का?” वर्ग हसला. पण प्रश्न फार मोलाचा होता. ज्यांनी उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळताना पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल : दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर टाकायची असते. मासा पाण्याने भरलेला, लिबलिबीत आणि निसरडा. जोरात धरला तर फुटतो, हलका धरला तर हातातून सटकतो. घरातली आजी शेजारणीशी बोलता बोलता हे काम शेकड्यांनी करते, हाताकडे पाहतसुद्धा नाही.

यंत्राला हे काम फार अवघड आहे. यंत्रमानवशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ साली आपल्या ‘माइंड चिल्ड्रन’ या पुस्तकात हा मुद्दा नीट मांडला होता. प्रौढ माणसाला अवघड वाटणारी बुद्धीची कामे संगणकाकडून करवून घेणे त्या मानाने सोपे असते, पण वर्षभराच्या मुलाला सहज जमणारे पाहणे, उचलणे, चालणे त्याला शिकवताना नाकी नऊ येतात. मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले. त्या सामन्याची छायाचित्रे पाहा. कास्पारोव्हच्या समोर एक माणूस बसलेला आहे. संगणकाने ठरवलेली खेळी पटावर प्रत्यक्ष हलवण्याचे काम त्याच्याकडे होते. हत्ती कुठे न्यायचा हे यंत्राने ठरवायचे, आणि हत्ती उचलायचा माणसाने.

आता मालिका पाहा. तिथे सगळे उलट आहे. विकी आणि करिश्मा कपबशा न फोडता आणतात, जिने चढतात, गर्दीतून वाट काढतात, आणि याचे कोणालाच नवल वाटत नाही. नवल वाटते ते गुणाकाराचे! आणि त्यांना जमत नाही काय, तर साधी बोली. वाक्प्रचार कळत नाहीत, थट्टा कळत नाही. म्हणजे लेखकांनी असे गृहीत धरले की शरीर सोपे आणि भाषा अवघड. करिश्माच्या उंचीचा एक खरा यंत्रमानव त्याच सुमाराला अस्तित्वात होता. होंडा कंपनीने २००० साली जगापुढे आणलेला ‘असिमो’ १२० सेंटिमीटर उंच होता, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाएवढा. चौदा वर्षांहून अधिक काळाच्या संशोधनानंतर त्याला दोन पायांवर नीट चालता येऊ लागले होते, आणि एकदा विद्युतघट भरला की तो जेमतेम अर्धा तास चाले. नोव्हेंबर २०२२ पासून ‘चॅटजीपीटी’सारख्या आज्ञावल्या सर्वांच्या हाती आल्या. त्यांना “पोटात कावळे ओरडतायत” म्हणजे काय हे विचारून पाहा, बिनचूक सांगतात. निबंध लिहून देतात, हे तर प्रत्येक भाषाशिक्षकाला आता नको तितके माहीत झाले आहे. पण बोंबील लटकवणारी किंवा धुणे वाळत घालून घड्या करणारी आणि आपल्याला परवडणारी यंत्रकन्या आजही बाजारात नाही.

या चुकीतून शिक्षकांना एक सुंदर पाठ मिळतो. आपण शाळेत ज्याला हुशारी म्हणून गुण देतो, ते काम यंत्राला लवकर जमले. ज्या हातांच्या कामाला आपण गुणच देत नाही, ते त्याला अजून पुरते जमलेले नाही. कोळीवाड्यातल्या त्या मुलाला हे सांगितले तेव्हा तो ताठ बसला. बाईंच्याही ते नजरेतून सुटले नाही.

आता मालिकेच्या खऱ्या गुणाकडे वळू. विकीचा हमखास विनोद म्हणजे आज्ञेचा शब्दशः अर्थ घेणे. टीकाकारांनी सर्वांत जास्त नाके मुरडली ती याच विनोदावर, कारण तो प्रत्येक भागात येतो. आम्हाला तो मालिकेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. यंत्र काय असते हे त्यात नेमके पकडले आहे : ते सांगितलेले करते, आणि आपल्याला हवे असलेले व आपण सांगितलेले यांत केवढे अंतर असते, हे आपल्याला ते केल्यानंतर कळते.

वर्गात आम्ही यावर एक खेळ घेतला. गॅसवर दुधाचे पातेले आहे, समोर करिश्मा उभी आहे, तिला एका वाक्यात आज्ञा द्या. पहिली आज्ञा आली, “दुधावर लक्ष ठेव.” हा घराघरांत घडलेला विनोद आहे. करिश्मा लक्ष ठेवील. दूध तापेल, वर प्रथिने आणि स्निग्धांश यांची साय धरेल, खालची वाफ त्या सायीखाली कोंडेल, फेस वर चढेल, दूध उतू जाईल, आणि ती शेवटच्या थेंबापर्यंत लक्ष ठेवून असेल. मुलांनी आज्ञा सुधारली, “दूध उतू जाऊ देऊ नकोस.” मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, “मग ती गॅस पेटवणारच नाही!” अगदी बरोबर. दूध उतू गेले नाही, आज्ञा शंभर टक्के पाळली गेली. तिसरी आज्ञा झाली, “दूध उकळेपर्यंत तापव आणि मग गॅस बंद कर.” पण उकळले हे करिश्माला कळावे कसे? तपमानावरून की बुडबुड्यांवरून? आणि मध्येच गॅसचा सिलिंडर संपला तर? बाळ रडायला लागले तर आधी बाळाकडे जायचे की दुधाकडे? तास संपला तेव्हा फळ्यावर अकरा ओळी झाल्या होत्या आणि दूध अजून कच्चेच होते.

हा केवळ पोरखेळ नाही. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका लेखात याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. मधेच थांबवता येणार नाही अशा वेगवान यंत्रावर काम सोपवताना, आपण त्यात घातलेला हेतू हाच आपला खरा हेतू आहे याची खात्री आधी करून घ्या, असा त्यांचा इशारा होता. २०१६ साली ‘ओपनएआय’च्या संशोधकांनी एका संगणकीय खेळातली होडी स्वतःहून शिकणाऱ्या आज्ञावलीच्या ताब्यात दिली. खेळ शर्यतीचा होता, पण गुण मिळत ते वाटेतल्या लक्ष्यांना धडकल्याबद्दल. आज्ञावलीने शर्यत सोडून दिली. एका खाडीसारख्या जागेत गोल गोल फिरत, दुसऱ्या होड्यांवर आदळत, स्वतः पेट घेत ती पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्ये गोळा करत राहिली, आणि शर्यत पुरी करणाऱ्या माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले. सांगितले होते गुण मिळवायला. हवे होते शर्यत जिंकणे.

आपल्या मुलांना ही गोष्ट समजावायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना किती काळजी घेतली होती! दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. पक्का करारनामाच तो. आणि त्याचा एकही शब्द न मोडता नरसिंहाने त्याला उंबऱ्यावर, संध्याकाळी, मांडीवर घेतले. भस्मासुराच्या वराची गत तर सर्वांना माहीतच आहे. शब्दांत पकडलेली इच्छा आणि मनातली इच्छा यांतली फट हा आपल्या पुराणकथांचा आवडता विषय. मालिकेने तो दिवाणखान्यात आणला, चहाच्या कपापर्यंत आणला. दर आठवड्याला, हसत हसत, लाखो मुलांच्या मनावर बिंबवले की यंत्राला तुमचा हेतू कळत नाही, तुमचे वाक्य कळते. आज यंत्रांना वाक्प्रचार कळू लागले, त्यामुळे विकीचे काही विनोद शिळे झाले हे खरे. पण होडीला वाक्प्रचाराचा त्रास नव्हता. तिची अडचण दुधाच्या पातेल्याचीच होती. त्या काळच्या कोणत्या ‘गंभीर’ कार्यक्रमाने ही एक गोष्ट मुलांना इतक्या वेळा सांगितली, हे आम्हाला तरी आठवत नाही.

इथवर लिहून थांबलो असतो, तर मालिकेला बरे गुण देऊन मोकळे झालो असतो. पण वर्गातला आणखी एक प्रश्न उरला आहे, आणि तो आम्हाला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दूध वाचवणाऱ्या त्याच मुलीने विचारले, “सर, तिला खोली का नाही? कपाटात का ठेवतात?” कोणीतरी उत्तर दिले, ती यंत्र आहे, तिला झोप कुठे लागते. त्यावर ती म्हणाली, “मग तिला मुलगी कशाला बनवली? कपाटासारखीच बनवायची ना.”

‘रोबोट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी कुळाने करायची सक्तीची मजुरी. आपल्याकडे याला अचूक शब्द आहे : वेठ. चापेक यांचे रोबोट पत्र्याचे नव्हते. ते रासायनिक पद्धतीने घडवलेले, माणसांपासून वेगळे ओळखू न येणारे जीव होते. म्हणजे डब्यासारख्या डोक्याच्या आणि दिवे लुकलुकणाऱ्या यंत्रमानवांपेक्षा विकीच चापेकला जवळची आहे. माणसासारखी दिसणारी आणि बिनतक्रार वेठ करणारी. तिला मुलीचे रूप का दिले, याचे उत्तर मालिकेच्या कुळात शोधावे लागते. ‘बीविच्ड’ (१९६४ ते १९७२) मधली चेटकीण गृहिणी, ‘आय ड्रीम ऑफ जीनी’ (१९६५ ते १९७०) मधली बाटलीतली जिनी, ‘माय लिव्हिंग डॉल’ (१९६४) मधली यंत्रस्त्री. या सगळ्या मालिकांत अफाट शक्ती असलेली बाई घरातल्या पुरुषाच्या सोयीसाठी ती शक्ती झाकून ठेवते, आणि त्यातून विनोद होतो. ‘स्मॉल वंडर’ने बाईचे वय कमी केले, एवढाच फरक.

आणि ही मालिका आपल्याकडे कोणत्या घरांत आली? २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. मिठागरांच्या बाजूला एकामागून एक वसाहती उठत होत्या, गिरगाव-परळच्या चाळींतून निघालेली कुटुंबे स्वतंत्र सदनिकांत येत होती. चाळीत करिश्माचे गुपित एक दिवससुद्धा टिकले नसते, सामाईक गॅलरीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळले असते. ही कथा बंद दाराच्या घरातच घडू शकते. त्याच बंद दारांमागे तेव्हा आणखीही कोणी असे. २००३ च्या सुमारास मीरा रोडच्या इमारतींत आमचे जाणे-येणे होते. दुपारी जिन्यात कडेवर बाळ घेतलेल्या, दळणाचा डबा नेणाऱ्या, दहा-अकरा वर्षांच्या मुली दिसत. कोणी विचारले तर घरातून उत्तर येई, “गावाकडची आहे, आमच्या मुलीसारखीच आहे.” टेड लॉसन शेजाऱ्यांना जे सांगतो, जवळपास तेच. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीत निजे.

बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा १९८६ चा. ‘स्मॉल वंडर’ अमेरिकेत सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा. पण घरकामाचा समावेश त्याच्या प्रतिबंधित कामांच्या यादीत झाला तो १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे करिश्मा पडद्यावर पाणी आणून देत होती तेव्हा, पडदा पाहणाऱ्या घरात तिच्याच वयाच्या खऱ्या मुलीने पाणी आणून देणे त्या कायद्याने निषिद्ध नव्हते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. चौदा वर्षांखालील मुलांना जवळजवळ सर्व प्रकारच्या कामांवर ठेवण्यास बंदी आली ती २०१६ च्या दुरुस्तीने.

मालिकेच्या लेखकांना हे सारे अभिप्रेत होते, असा आमचा दावा नाही. त्यांना हसवायचे होते आणि जाहिराती मिळवायच्या होत्या. पण कलाकृती कधीकधी तिच्या कर्त्यांपेक्षा जास्त बोलून जाते. यंत्रमानव म्हणून एका मुलीला कपाटात उभी केली की प्रेक्षकाच्या मनात काहीतरी खुपतेच, आणि ते खुपणे विनोदाने झाकावे लागते. इथे मालिका कच खाते. अभिनेत्री टिफनी ब्रिसेट मोठी होऊ लागली, तेव्हा पुढच्या भागांत लॉसनने विकीत सुधारणा केल्या : ती जरा मोठी दिसू लागली, तिला खाता-पिता येऊ लागले. गरज निर्मितीची होती, पण परिणाम असा झाला की यंत्र हळूहळू मुलगी बनत गेले आणि मूळचा खुपणारा प्रश्न गोड होऊन विरघळला. आमच्या मते मालिकेचा उतार तिथून लागतो. ‘करिश्मा का करिश्मा’त तर हा प्रश्न अधिक धारदार करण्याची संधी होती, कारण घरकामाची मुलगी म्हणजे काय हे अमेरिकेतल्या उपनगरापेक्षा आपल्या उपनगराला जास्त ठाऊक होते. कथानके घेतली, घर भारतीय केले, पण त्या घरातली दुसरी मुलगी मालिकेत शिरलीच नाही. नकलेचा आरोप करायचाच, तर तो इथे करावा.

शिक्षकमित्रांना आमची सूचना एवढीच की, या मालिकांचा एखादा भाग जुन्या ध्वनिचित्रफितींतून मिळाला, तर तो वर्गात दाखवायला संकोच करू नये. तरफेचे गणित दहा मिनिटांत होते. दुधाच्या पातेल्याला एक पूर्ण तास ठेवावा, आणि आज्ञा मुलांकडूनच येऊ द्याव्यात, आपण पुरवू नयेत. घरकामाचा विषय काढताना मात्र जपून. वर्गात अशी मुलेही असतात ज्यांच्या आया चार घरची धुणीभांडी करतात, आणि अशीही ज्यांच्या घरी त्या येतात. त्या दिवशी आम्ही हा विषय काढला नव्हता, तो एका मुलाने काढला. त्याला जाणून घ्यायचे होते की विकी एवढे काम करते, तर तिचा पगार कोणाला मिळतो. वर्गात पाच-सहा उत्तरे आली : कंपनीला, तिच्या बाबांना, विजेच्या बिलाला. बाईंनी सगळी फळ्यावर लिहिली आणि मुलांना सांगितले की मालिकेत उत्तर सापडते का ते शोधा. आम्ही घरी येऊन शोधले. टेड लॉसनने विकीला घरी आणले ते चाचणीसाठी. ती चाचणी किती दिवस चालायची होती, आणि संपल्यावर विकीचे काय करायचे होते, याला ९६ भाग झाले तरी मालिका हात घालत नाही.